रिकाम्या गाडीचे गणित: मालवाहतुकीचे नियोजन संगणक कसे करतो

भिवंडीजवळ मानकोलीच्या बाजूला एका वितरकाचे गोदाम आहे. तिथे गाड्यांचे नियोजन कसे चालते हे काही महिने जवळून पाहण्याची संधी मला मिळाली. पहाटे पाचला डिस्पॅचच्या टेबलावर आदल्या संध्याकाळच्या ऑर्डरींची चलने पडलेली असत आणि ते काम सांभाळणारे गृहस्थ, ज्यांना गोदामात सगळे मामा म्हणतात, ती चलने न बोलता वाटू लागत: एक गठ्ठा वेस्टर्नचा, एक सेंट्रलचा, एक हार्बरचा आणि उरलेला टाउनचा. पंधरा मिनिटांत चाळीस-बेचाळीस चलनांचे सहा गाड्यांत वाटप होऊन जाई. वीस वर्षांच्या सवयीने हात कसा चालतो, हे त्या टेबलापाशी उभे राहून पाहण्यासारखे होते.

मात्र त्या वाटपात एक गोष्ट दडलेली होती आणि ती मामांच्याच काय, गोदामातल्या कोणाच्याही लक्षात आलेली नव्हती. मुंबईचा माणूस शहराकडे लोकलच्या नकाशातून पाहतो. विक्रोळी सेंट्रलवर आणि जोगेश्वरी वेस्टर्नवर, म्हणजे ती दोन वेगळी गावे, असे त्याच्या मनात पक्के बसलेले असते, कारण लोकलने एकीकडून दुसरीकडे जायचे तर दादरला उतरून गाडी बदलावी लागते. टेम्पो मात्र रुळांवरून धावत नाही. त्याच्यासाठी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता आहे, २०१४ पासून सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ताही आहे, आणि त्या रस्त्यांवरून कांजूरमार्गचे दुकान अंधेरी पूर्वेच्या दुकानाला दादरच्या दुकानापेक्षा कितीतरी जवळचे आहे. गोदामात नव्याने आणलेले नियोजनाचे सॉफ्टवेअर पहिल्यांदा चालवले तेव्हा त्याने कांजूर, पवई आणि मरोळ एकाच गाडीत टाकले. मामांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘हे कुठल्या लाइनीचं आहे?’’ संगणकाला लाइन माहीतच नव्हती, आणि तेवढ्यापुरते त्याचे ते अज्ञान उपयोगी पडले.

नियोजनाच्या या शास्त्राला इंग्रजीतून आलेला ‘ऑप्टिमायझेशन’ हा शब्द रूढ आहे. पाठ्यपुस्तकांत ‘इष्टतमीकरण’ असेही म्हणतात. अनेक लोक याची गल्लत मोबाइलवरच्या नकाशाशी करतात. नकाशाचे ॲप एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा रस्ता सांगते. कोणता माल कोणत्या गाडीत चढवावा, कोणत्या दुकानाला आधी जावे, किती गाड्या मुळात बाहेर काढाव्यात, कोणती ऑर्डर आज न पाठवता उद्याच्या गाडीसाठी थांबवावी, हे त्याला कोणी विचारलेले नसते. मालवाहतुकीतला मोठा पैसा आणि मोठा धूर याच प्रश्नांत असतो. रस्ता निवडणे त्यामानाने किरकोळ काम आहे.

एका दुकानाची भर

हा प्रश्न अवघड का आहे, ते साध्या मोजणीवरून कळते. एका टेम्पोने दहा दुकानांना जायचे असेल तर ती दुकाने कोणत्या क्रमाने घ्यावीत याचे ३६,२८,८०० पर्याय होतात. संगणक ते डोळ्याचे पाते लवण्याआधी तपासून मोकळा होतो. दुकाने वीस झाली की पर्यायांची संख्या सुमारे २४३ आणि त्यापुढे सोळा शून्ये इतकी होते. सेकंदाला एक अब्ज पर्याय तपासणारे यंत्र असले तरी त्याला सगळे तपासायला सुमारे ७७ वर्षे लागतील. दुकाने दुपटीने वाढली, काम दुपटीने वाढले नाही. आणि ही अजून एकाच गाडीची गोष्ट आहे. सहा गाड्या आणि बेचाळीस दुकाने घेतली, प्रत्येक दुकानाची माल उतरवून घेण्याची वेळ निराळी धरली, तर सगळे पर्याय तपासण्याचा विचारच सोडून द्यावा लागतो.

या प्रश्नाला गणिती रूप मिळाले ते १९५९ साली. जॉर्ज डँट्झिग आणि जॉन रॅमसर या दोघांनी पेट्रोलच्या साठ्यापासून अनेक पंपांना टँकर कसे पाठवावेत हा प्रश्न मांडला. पुढे १९६४ साली क्लार्क आणि राइट यांनी त्यावर एक युक्ती सांगितली. ती इतकी सोपी आहे की कागदावर करून पाहता येते, आणि आजही अनेक सॉफ्टवेअर पहिला आराखडा तिच्याच आधाराने मांडतात.

युक्ती अशी. सुरुवातीला असे धरायचे की प्रत्येक दुकानासाठी स्वतंत्र गाडी जाते आणि रिकामी परत येते. मग दोन दुकाने एका गाडीत जोडली तर किती किलोमीटर वाचतात ते पाहायचे. पहिल्या दुकानाचे गोदामापासूनचे अंतर आणि दुसऱ्याचे अंतर यांची बेरीज करायची आणि त्यातून दोन दुकानांमधले अंतर वजा करायचे, की बचत निघते. सोयीसाठी ढोबळ आकडे घेऊ. मानकोलीहून दादर ३५ किलोमीटर, परळ ३८ आणि दादर ते परळ ३ धरले, तर बचत ३५ अधिक ३८ उणे ३, म्हणजे ७० किलोमीटर. आता बोरिवली ३५, चेंबूर ३० आणि त्या दोघांतले अंतर २७ धरले, तर बचत ३८ किलोमीटरच होते. अशी प्रत्येक जोडीची बचत काढून मोठीपासून छोटीपर्यंत उतरती यादी करायची आणि गाडीत जागा असेपर्यंत वरून एकेक जोडी जुळवत जायचे. गोदामापासून लांब, पण एकमेकांना लागून असलेली दुकाने आपोआप एकत्र येतात. मामाही नकळत हेच करत होते; फक्त त्यांच्या डोक्यातली अंतरे रेल्वेची होती.

हा पहिला आराखडा बरा असतो, उत्तम नसतो. तो सुधारण्यासाठी संगणक हजारो लहानसहान फेरबदल करून पाहतो. एका गाडीतले दुकान दुसरीत टाकतो, दोन दुकानांची अदलाबदल करतो, मार्गाने स्वतःलाच छेद दिला असेल तर ती गाठ सोडवतो, आणि खर्च कमी झाला तर बदल ठेवतो. काही वेळाने असा टप्पा येतो की कोणताही एक छोटा बदल केला तरी खर्च वाढतोच. इथेच उत्तम उत्तर मिळाले असे वाटण्याचा धोका असतो. त्यावरचा एक परिणामकारक उपाय म्हणजे आराखड्याचा एक मोठा तुकडा, समजा वीस टक्के दुकाने, मुद्दाम उचकटून बाहेर काढायची आणि नव्या क्रमाने परत बसवायची. मुंबईत घर आवरताना कपाटातले सामान आधी पलंगावर काढल्याशिवाय नवी जागा निघत नाही, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना ही रीत लगेच पटेल.

पण मिळालेले उत्तर किती चांगले आहे, हे कसे ठरवायचे? इथे एका मराठी माणसाचे नाव घ्यायला हवे. डँट्झिग यांनी १९४७ साली रेषीय नियोजनाची, म्हणजे लिनिअर प्रोग्रॅमिंगची, सिम्प्लेक्स ही पद्धत दिली होती. खर्च आणि अटी सरळ प्रमाणात बदलतात तेव्हा सर्वांत स्वस्त पर्याय काढण्याचे हे गणित. सगळ्या अटी पाळणाऱ्या पर्यायांचा मिळून पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखा एक आकार बनतो असे मानले, तर सिम्प्लेक्स त्या हिऱ्याच्या कडेकडेने एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर चालत सर्वांत स्वस्त कोपरा गाठते. आयआयटी मुंबईतून १९७८ साली पदवी घेतलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ साली अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत काम करताना हिऱ्याच्या पोटातून मार्ग काढत उत्तरापर्यंत पोहोचणारी पद्धत मांडली. प्रश्न कितीही आडमुठा असला तरी कामाचा वेळ आवाक्याबाहेर जाणार नाही, अशी सैद्धांतिक खात्री तिच्यामागे होती आणि मोठ्या प्रश्नांवर ती प्रत्यक्षातही उपयोगी ठरली. आजच्या व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये सिम्प्लेक्स आणि करमरकरांच्या कुळातल्या पद्धती शेजारी शेजारी नांदतात.

गाड्यांच्या प्रश्नात या पद्धतींचा उपयोग असा होतो. गाडी अर्धी पाठवता येत नाही, पण क्षणभर ती येते असे मानले तर प्रश्न खूप सोपा होतो आणि त्याचे अचूक उत्तर मिळते. समजा ते उत्तर म्हणाले की आजचा खर्च ४१,००० रुपयांच्या खाली जाऊच शकत नाही, आणि फेरबदल करून हाती आलेला प्रत्यक्ष आराखडा ४२,२०० रुपयांचा आहे. मग अजून कितीही डोके चालवले तरी जास्तीत जास्त तीन टक्के वाचतील, हे कळते. तेवढ्यासाठी आणखी दोन तास संगणक चालवायचा की साडेपाचला गाड्या भरायला घ्यायच्या, हा निर्णय मग माणसाला सोपा जातो.

संगणकाला सांगायच्या गोष्टी

पहिल्या आठवड्यातला आराखडा कागदावर देखणा होता आणि रस्त्यावर सपशेल पडला. मशीद बंदरच्या एका गल्लीत त्याने चौदा फुटी आयशर पाठवली. ती गाडी त्या गल्लीत शिरत नाही. नाक्यावर उभी करून माल हातगाडीने आत न्यावा लागतो आणि त्यात पाऊण तास जातो. संगणकाने उतरवायला दहा मिनिटे धरली होती. पुढची तीन दुकाने हुकली, त्यांतल्या एकाने माल घ्यायला नकार दिला आणि गाडी अर्धी भरलेली परत आली. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, डेटा चुकीचा होता. ते खरेच होते, पण तो डेटा कुठे लिहिलेलाच नव्हता. तो मामांच्या आणि चालकांच्या डोक्यात होता, आणि त्यांना तोवर कोणी काही विचारलेले नव्हते.

माझ्या मते अशा प्रकल्पांचे यशापयश इथेच ठरते. गणिताचे इंजिन आता दुर्मीळ राहिलेले नाही. गूगलचे ‘ओआर-टूल्स’ हे साधन मुक्तस्रोत आहे आणि कोणालाही फुकट वापरता येते. अवघड आहे ते त्याला शहर समजावून सांगणे. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत मुंबईच्या अनेक रस्त्यांवर अवजड वाहनांना बंदी असते, तेव्हा मोठी गाडी नो एंट्री लागण्याआधी आत आणि सुटल्यावर बाहेर असा तिचा दिवस बांधावा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून शहराच्या पाच प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ आहे, अवजड मालगाड्यांना नाही. म्हणून मुलुंड किंवा ऐरोली ओलांडण्याचा खर्च गाडीगणिक बदलतो. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूमुळे न्हावा शेवा ते शिवडी अंतर घटले. पण टोलची रक्कम, वाचलेले डिझेल आणि वाचलेला वेळ हे तिन्ही एका तागडीत घातल्याशिवाय तो मार्ग परवडतो की नाही ते कळत नाही, आणि उत्तर सकाळी एक व रात्री दुसरे येऊ शकते.

त्यात पावसाळा. साडेचार मीटरहून मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी समुद्राकडे जात नाही आणि हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावे बातम्यांत झळकू लागतात. भरतीचे वेळापत्रक वर्षभर आधी ठाऊक असते, म्हणून ते सॉफ्टवेअरमध्ये घालता येते; मामांच्या सूचनेवरून ते घातलेही गेले. गाडी कशी भरायची याचीही अट असते. शेवटी उतरणारा माल सर्वांत आत आणि पहिल्या दुकानाचा दाराशी, नाहीतर प्रत्येक थांब्यावर अर्धी गाडी उतरवून पुन्हा चढवावी लागेल. माथाडी टोळीची जेवणाची वेळ, वाराईचा, म्हणजे माल उतरवण्याच्या मजुरीचा, दर, दुकानदाराची दुपारची झोप, हे सगळे संगणकाच्या दृष्टीने अटीच असतात. काही अटी मोडताच येत नाहीत, जसे गाडीची कायदेशीर वजनमर्यादा किंवा चालकाच्या कामाच्या तासांची कायदेशीर मर्यादा. काही अटी मोडता येतात, पण त्यांचा दंड लावायचा असतो, जसे दुकानाच्या वेळेला वीस मिनिटे उशीर. कोणती अट कोणत्या प्रकारची, हे ठरवणे हा धंद्याचा निर्णय आहे आणि तो सॉफ्टवेअर विकणाऱ्यावर सोडू नये.

गाडी भरणे हा तर स्वतंत्र विषय आहे. फरशांची गाडी वजनाने आधी भरते, तेव्हा तिचा हौदा वरून निम्म्याहून अधिक मोकळा असतो. प्लॅस्टिकच्या बादल्यांची गाडी जागेने भरते आणि वजन जेमतेम टन-दीड टन असते. दोन्ही गाड्या ‘फुल’ म्हणून बिल्टी फाडून निघतात आणि दोन्ही खरे तर हवा वाहून नेत असतात. फरशा खाली आणि बादल्या वर, असे दोन्ही व्यापाऱ्यांचे माल एकत्र केले तर गाड्या कमी लागतात. हे कोणालाही समजते, पण दोन व्यापाऱ्यांची दुकाने एकाच वाटेवर आहेत आणि एकाच दिवशी माल मागत आहेत, हे रोज शोधून काढणे माणसाच्या आवाक्यातले नाही.

डिझेल, धूर आणि रिकामा कंटेनर

एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. या एका आकड्यामुळे वाहतूकदार आणि पर्यावरणवादी बऱ्याच अंतरापर्यंत एकाच गाडीत बसू शकतात, कारण न जळलेले डिझेल दोघांच्याही फायद्याचे असते. अमेरिकेतल्या यूपीएस या पार्सल कंपनीने ‘ओरायन’ ही मार्गनियोजनाची प्रणाली २०१६च्या सुमारास देशभर लागू केली, तेव्हा वर्षाला सुमारे दहा कोटी मैल, म्हणजे सोळा कोटी किलोमीटर, आणि एक कोटी गॅलन, म्हणजे सुमारे पावणेचार कोटी लिटर इंधन वाचत असल्याचे तिने जाहीर केले होते. समोरून येणारी वाहतूक कापून वळताना गाडी चालू इंजिनावर खोळंबते, म्हणून तिथल्या चालकांना डावे वळण टाळायला सांगतात. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून आपल्याकडे हेच उजव्या वळणाला लागू होते, आणि पश्चिम द्रुतगती मार्गावर ज्याने यू-टर्नसाठी पूल शोधला आहे त्याला ते समजावून सांगायची गरज नाही.

किलोमीटर सारखे असूनही डिझेल वेगळे जळू शकते, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. गोदाम, एक जड दुकान आणि एक हलके दुकान असा त्रिकोण घ्या, ज्याची प्रत्येक बाजू २० किलोमीटर आहे. जड दुकानाला सहा टन माल द्यायचा आहे, हलक्याला एक टन. आधी जड दुकान घेतले तर गाडी सात टन २० किलोमीटर वाहते, मग एक टन २० किलोमीटर, आणि रिकामी परतते. एकूण १६० टन-किलोमीटर. उलट दिशेने गेली तर सात टन २० किलोमीटर आणि मग सहा टन २० किलोमीटर, म्हणजे २६० टन-किलोमीटर. चालकाच्या मीटरवर दोन्ही वेळी साठच किलोमीटर दिसतात, पण इंजिनाने ओढलेला भार खूप वेगळा असतो, आणि वाटेत बोरघाटासारखा चढ असेल तर फरक आणखी वाढतो. फक्त अंतर मोजणारे सॉफ्टवेअर या दोन फेऱ्यांना सारखेच गुण देते. म्हणून ते घेताना पहिला प्रश्न हा विचारावा की ते नेमके काय कमी करते: अंतर, वेळ, भाडे की इंधन.

तरीही सगळ्यांत मोठी गळती रिकाम्या गाडीची असते. पुण्याला माल टाकून परत येताना भाडे मिळाले नाही की ती फेरी निम्मी फुकट जाते, आणि परतीचे भाडे जुळवून देणे हाच दलालांचा पिढीजात धंदा आहे. न्हावा शेवा बंदराच्या कंटेनरांत हीच गळती विशेष ठळक दिसते. आयातीचा कंटेनर भिवंडीच्या गोदामात रिकामा होतो आणि बंदराजवळच्या रिकाम्या कंटेनरांच्या यार्डात परत जातो. त्याच दिवशी शेजारच्या निर्यातदाराला रिकामा कंटेनर हवा असतो आणि तो त्याच यार्डातून भिवंडीला येतो. रस्त्यावर दोन रिकामे खोके एकमेकांना ओलांडून जातात. दोन्ही ट्रेलर डिझेल जाळतात आणि दोन्हींचे चालक यार्डाच्या रांगेत ताटकळतात. आयातदाराचा रिकामा कंटेनर थेट निर्यातदाराच्या दारात नेला तर दोन रिकाम्या खेपा वाचतात. मात्र त्यासाठी दोन्ही माल एकाच शिपिंग कंपनीचे हवेत, कंटेनर त्याच मापाचा आणि निर्यातीला चालेल इतका स्वच्छ हवा, शिपिंग कंपनीची परवानगी हवी आणि वेळ जुळायला हवी. इतक्या अटींची जोडणी फोनवरून करता येत नाही. शेकडो कंटेनरांतून जुळणाऱ्या जोड्या निवडणे हे मात्र संगणकाचे आवडते गणित आहे, आणि लग्न जुळवणाऱ्यांप्रमाणे त्यालाही एकाची उत्तम जोडी जमवताना बाकीच्यांची वाट लागणार नाही हे पाहावे लागते.

स्वस्त आणि हिरवे यांची वाट पुढे कुठेतरी फुटतेच. जुनी, हप्ते फिटलेली गाडी भाड्याने स्वस्त पडते पण धूर जास्त सोडते. रेल्वेने माल नेला तर टनामागे इंधन बरेच कमी लागते, आणि दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर या १,५०६ किलोमीटरच्या पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गाची आखणी तर विजेच्या तारांखालून एकावर एक दोन कंटेनर जातील अशी केलेली आहे. पण मालधक्क्यापर्यंत आणि तिथून पुढे ट्रेलर लागतोच, गाडी भरेपर्यंत थांबावेही लागते. अशा वेळी चांगले सॉफ्टवेअर एक उत्तर न देता उत्तरांची मालिका देते: हा सर्वांत स्वस्त आराखडा, हा चारशे रुपये महाग पण दीडशे किलो कार्बन कमी, हा त्याहून महाग आणि त्याहून स्वच्छ. कितपत पुढे जायचे ते मालकाने ठरवायचे. निर्यातदारांना आता परदेशी ग्राहक वाहतुकीतल्या कार्बनचा हिशेब मागू लागले आहेत, आणि तो कसा मांडावा यासाठी २०२३ मध्ये आयएसओ १४०८३ हे आंतरराष्ट्रीय मानकही आले आहे, त्यामुळे ही मालिका नुसती शोभेची राहिलेली नाही.

मुळात ही गोदामे भिवंडीत का आहेत, याचेही एक गणित आहे. मुंबईच्या हद्दीत माल आला की जकात लागे, म्हणून माल हद्दीबाहेर साठवायचा आणि विकला जाईल तसा आत आणायचा, हे व्यापाऱ्याला परवडे. राज्य ओलांडून विक्री केली की केंद्रीय विक्रीकर लागे, म्हणून कंपन्या राज्याराज्यांत छोटी गोदामे ठेवत. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि ही दोन्ही कारणे एका रात्रीत संपली. मग करासाठी बांधलेले गोदामांचे जाळे अंतर आणि वेळ पाहून नव्याने बांधण्याचा प्रश्न अनेक कंपन्यांपुढे आला. गोदाम कुठे असावे हा निर्णय दहा वर्षांतून एकदा होतो आणि रोजच्या हजारो फेऱ्यांचे डिझेल त्याने ठरते. रोजच्या मार्गनियोजनाने वाचणारा पैसा त्यापुढे लहान वाटावा.

वाचलेला पैसा नेमका कोणाच्या खिशातून वाचला, हेही पाहावे लागते. त्या गोदामात चालकांना फेरीमागे भत्ता होता. सॉफ्टवेअरने फेऱ्या कमी केल्या तेव्हा मालकाचे डिझेल वाचले आणि चालकांची कमाई घटली. महिनाभर चालक वाटेत काही ना काही अडचण सांगून आराखडा मोडत राहिले. त्यात हटवादीपणा नव्हता, सरळ हिशेब होता. भत्ता फेरीऐवजी पोहोचवलेल्या थांब्यांवर लावल्यानंतरच गाड्या आराखड्याप्रमाणे चालू लागल्या.

आणि मालकाला सातवी गाडी घ्यायची होती. या गणितातून उत्तराबरोबर प्रत्येक अटीची किंमतही निघते: ही अट थोडी सैल केली तर रोज किती वाचेल. गाड्या पूर्णांकांत मोजाव्या लागतात म्हणून ही किंमत तंतोतंत निघत नाही, तेव्हा अट बदलून आराखडा पुन्हा चालवून पाहतात. सातवी गाडी घालून पाहिली तर बचत शून्य आली. माल चढवायला धक्के दोनच होते. पाचवी आणि सहावी गाडी सकाळी सात वाजेपर्यंत आवारात उभीच राहत होती आणि बाहेर पडेपर्यंत नो एंट्रीत अडकत होती, तिथे सातवीने काय केले असते? मग गाड्या सहाच ठेवून माल चढवण्याची वेळ साडेपाचऐवजी साडेतीन करून पाहिली. माथाडी टोळीचा रात्रीचा जादा दर धरूनही खर्च उतरला. टोळीच्या मुकादमाशी बोलायला मामाच गेले. दर ठरला, शिवाय साडेतीनला चहा गोदामाकडून, अशी एक अट मुकादमाने घातली आणि ती मोडता न येणाऱ्या अटींत नोंदवली गेली.